गाडीच्या काचांवरील सनफिल्म : निवड, कायदा आणि निगा

उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीचे दार उघडताच अंगावर येणारी धग केवळ बाहेरच्या हवेची नसते. काचेतून आत आलेला सूर्यप्रकाश डॅशबोर्ड, आसने आणि स्टिअरिंग यांवर पडतो, त्या वस्तू तापतात आणि स्वतःच उष्णता फेकू लागतात. मात्र ही उष्णता दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपात असल्याने काच तिला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून ऊन आत येऊन वस्तू तापण्यापूर्वीच, म्हणजे काचेपाशीच, ते अडवावे लागते, आणि सनफिल्मचे काम हेच आहे. हे काम ती किती चांगले करते याचा तिच्या काळेपणाशी आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी संबंध असतो. ग्राहकाने ही एक गोष्ट दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी समजून घेतली, तर पैसे वाया जाण्याचे आणि दंड भरण्याचे बहुतेक प्रसंग टळतील.

सूर्यप्रकाशातून येणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याच्या आसपासचा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, सुमारे ४४ टक्के भाग दृश्य प्रकाशाचा असतो आणि उरलेला थोडा भाग अतिनील किरणांचा असतो. साधी रंगवलेली स्वस्त फिल्म मुख्यतः दृश्य प्रकाश कमी करते. डोळ्यांना अंधार जाणवतो आणि त्यामुळे गारवा वाटतो, परंतु अवरक्त किरण बऱ्याच अंशी आत येतच राहतात. याउलट चांगल्या सिरॅमिक फिल्ममधील अतिसूक्ष्म कण दृश्य प्रकाश जाऊ देतात आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर अडवतात, त्यामुळे जवळजवळ पारदर्शक दिसणारी सिरॅमिक फिल्म काळ्याकुट्ट रंगीत फिल्मपेक्षा उन्हात अधिक उपयोगी ठरू शकते.

दुकानदार आकडे सांगतात तेव्हा ते कशाचे आहेत हे विचारणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. माहितीपत्रकावर सहसा तीन आकडे असतात. व्हीएलटी म्हणजे किती टक्के दृश्य प्रकाश आरपार जातो ते प्रमाण. आयआरआर म्हणजे किती टक्के अवरक्त किरण अडवले जातात ते प्रमाण. हा आकडा पुष्कळदा अवरक्त पट्ट्यातील सोयीच्या एका छोट्या भागापुरताच मोजलेला असतो, म्हणून तो ९० टक्क्यांच्या पुढे सहज जातो. टीएसईआर म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती टक्के बाहेर ठेवली गेली ते प्रमाण, आणि माझ्या मते उष्णतेसाठी खरेदी करणाऱ्याने मुख्यतः हाच आकडा पाहावा. थोडा हिशेब केला तरी फसवे दावे ओळखता येतात. दृश्य प्रकाशाची ऊर्जा ४४ टक्के आहे आणि फिल्म त्यातील ७० टक्के प्रकाश आत सोडते, म्हणजे एकूण ऊर्जेच्या सुमारे ३१ टक्के एवढा वाटा आत येणारच. त्यामुळे अगदी आदर्श अशा ७० टक्के व्हीएलटीच्या फिल्मचाही टीएसईआर ७० टक्क्यांच्या आत राहील, आणि प्रत्यक्ष बाजारातील फिल्मचा त्याहून बराच कमी असेल. अशी पारदर्शक फिल्म ‘९५ टक्के उष्णता रोखते’ असे कोणी सांगत असेल, तर तो एकूण उष्णतेविषयी बोलत नसून आयआरआरविषयी बोलत आहे. दुकानात दिव्यासमोर हात धरायला लावून जे प्रात्यक्षिक दाखवतात, त्या दिव्याचा प्रकाशही मुख्यतः अवरक्तच असतो, त्यामुळे तेथील फरक रस्त्यावरील फरकापेक्षा मोठा भासतो.

उष्णतेखेरीज आणखी दोन लाभ खरे आहेत. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवलेली असल्याने ती अतिनील किरण मूळचीच मोठ्या प्रमाणावर अडवते. बाजूच्या काचा मात्र एकेरी कडक काचेच्या असतात आणि त्वचेत खोलवर जाणारे यूव्हीए प्रकारचे अतिनील किरण त्यांतून पुष्कळ प्रमाणात आत येतात. चांगली फिल्म, पारदर्शक असली तरीही, यातील सुमारे ९९ टक्के किरण थांबवते. रोज लांबचा प्रवास करणाऱ्या चालकाच्या खिडकीकडील हातासाठी, मागे बसणाऱ्या मुलांसाठी आणि आसनांचा रंग टिकण्यासाठी याचे मोल मोठे आहे. दुसरा लाभ असा की अपघातात बाजूची काच फुटली तर तिचे तुकडे फिल्मला चिकटून राहतात आणि अंगावर उडत नाहीत. याच कारणाने, आणीबाणीत काच फोडून बाहेर पडावे लागले तर ती फुटल्यानंतर चादरीसारखी अख्खी बाहेर ढकलावी लागते, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

फिल्मकडून काय होत नाही हेही स्पष्ट असावे. फिल्म लावलेली गाडी एसी चालू केल्यावर लवकर थंड होते आणि चालत्या गाडीत अंगावर पडणाऱ्या उन्हाचा चटका कमी होतो. परंतु चंद्रपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी कित्येक तास उभी राहिलेली गाडी फिल्म असली तरी तापणारच. बंद गाडीत मूल, वृद्ध माणूस किंवा जनावर ठेवणे फिल्ममुळे सुरक्षित होत नाही.

आता कायद्याविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेल्या निकालात, कितीही टक्के प्रकाश जाऊ देणारी असली तरी काचेवर काळी फिल्म किंवा अन्य कोणतेही साहित्य चिकटवण्यास मनाई केली आणि ती ४ मे २०१२ पासून लागू झाली. नंतर नियमात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून आतील बाजूस प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षा काचेला, ठरलेल्या भारतीय मानकानुसार आणि त्याच ७० व ५० टक्क्यांच्या मर्यादेत, जागा मिळाली. या दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की मर्यादेत बसणारी फिल्म लावल्याबद्दल वाहनधारकाला दंड करता येणार नाही. तो निर्णय केरळमधील आहे. महाराष्ट्रात रस्त्यावर उभा असलेला वाहतूक पोलीस २०१२ च्या निकालाकडे बोट दाखवून दंड करू शकतो, हे गृहीत धरूनच पुढे जावे. फिल्म लावायचीच असेल तर मर्यादेच्या काठावर राहू नये, फिल्मचे नाव, मानक आणि व्हीएलटी लिहिलेले प्रमाणपत्र व बिल गाडीत ठेवावे, आणि आपल्या शहरातील परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी. बाहेरून माणूसच दिसू नये यासाठी फिल्म हवी असणाऱ्याने हा विचार सोडून द्यावा, कारण ती कोणत्याही अर्थाने कायदेशीर नाही, आणि पावसाळी रात्री बिनदिव्याच्या रस्त्यावर गाडी मागे घेताना ती धोक्याचीही आहे.

मर्यादेचा हिशेब फिल्मचा एकट्याचा नसतो, हे अनेक दुकानांत सांगितले जात नाही. नियमातील टक्केवारी काच आणि फिल्म यांची मिळून आहे. गाडीची मूळ काच बहुधा हलकी हिरवट असते. ती ७५ टक्के प्रकाश जाऊ देत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर दोन्ही मिळून सुमारे ५२ टक्के होतात आणि बाजूची काच जेमतेम नियमात बसते. त्याच काचेवर ‘कायदेशीर ५० टक्के’ म्हणून विकली जाणारी फिल्म लावली तर आकडा ३७ ते ३८ टक्क्यांवर येतो. कंपनीचे आकडे साध्या पारदर्शक काचेवर मोजलेले असतात, त्यामुळे हा गुणाकार अंदाजापुरताच आहे. खरा आकडा मीटर लावूनच कळतो. ज्या दुकानात असा मीटर आहे तेथे आधी नुसती काच आणि नंतर फिल्मसह काच मोजून घ्यावी. पुढच्या काचेबाबत तर माझा सल्ला सरळ आहे : मूळ काच ७५ टक्क्यांची असल्यास ९० टक्क्यांची फिल्मदेखील तिला ७० च्या खाली नेते, म्हणून मोजमाप हाती नसेल तर पुढच्या काचेला हात लावू नये. तेथे फास्टॅग, पावसाचा सेन्सर आणि नव्या गाड्यांत चालकाला साहाय्य करणारा कॅमेराही असतो.

फिल्मचा प्रकार निवडताना धातूचा थर असलेली फिल्म उष्णता चांगली परतवते, परंतु मोबाइल, जीपीएस आणि फास्टॅगच्या लहरींना अडथळा करू शकते. रंगवलेली फिल्म स्वस्त असते आणि काही वर्षांत जांभळट पडते. कार्बन फिल्म रंग टिकवते, पण उष्णतेत सिरॅमिकपेक्षा मागे राहते. सिरॅमिक सर्वांत महाग असली तरी नियमाच्या मर्यादेत राहून उष्णता रोखायची असेल तर खर्च तिच्यावरच करावा. छत्रपती संभाजीनगर येथे गरवारे कंपनी अनेक वर्षांपासून अशा फिल्म बनवते आणि परदेशी कंपन्यांच्या फिल्मही भारतात मिळतात. कोणतीही घेतली तरी रोलवरील नाव व क्रमांक आणि हमीपत्रावरील क्रमांक जुळतो का ते पाहावे.

बसवण्याची प्रक्रिया समोर उभे राहून पाहावी. जागा बंदिस्त आणि धूळरहित असावी, कारण फिल्मखाली अडकलेला धुळीचा कण नंतर निघत नाही. काच ब्लेडने आणि साबणाच्या पाण्याने आतून स्वच्छ केली जाते, तेव्हा दारावरील काचेची बटणे आणि स्पीकर टॉवेलने झाकलेले असावेत. पाणी दारात झिरपून वायरिंग बिघडल्याच्या तक्रारी तसे न झाकल्यामुळेच येतात. फिल्म शक्यतो यंत्रावर मापानुसार कापलेली असावी, कारण काचेवर ठेवून ब्लेडने कापताना काचेला आणि रबराला ओरखडे पडतात. मागची वक्र काच एकाच अखंड तुकड्याने झाकली पाहिजे, आणि त्यासाठी फिल्म आधी काचेच्या बाहेरच्या बाजूवर ठेवून हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) आकारात आणावी लागते. जोड देऊन काम उरकणाऱ्या कारागिराला हे काम देऊ नये.

फिल्म लागल्यावरचे पहिले काही दिवस तिचे आयुष्य ठरवतात. फिल्म आणि काच यांच्यामध्ये राहिलेले पाणी हळूहळू सुकते आणि चिकटद्रव्य पकड घेते. उन्हाळ्यात निदान तीन ते पाच दिवस, पावसाळ्यात आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ काचा खाली करू नयेत. सवयीने बोट जाते, म्हणून बटणांवर कागदी टेप लावून ठेवावा. या काळात दिसणारा धुरकटपणा आणि पाण्याचे बारीक फुगे आपोआप जातात, दमट हवेत त्याला दोन-तीन आठवडेही लागतात. ते सुईने टोचू नयेत किंवा नखाने दाबू नयेत. आत कण असलेला फुगा, उचललेली कड किंवा घडी मात्र सुकून जात नाही. ती दिसताच दुकानदाराकडे गाडी न्यावी. पहिला महिनाभर काचेची आतली बाजू धुऊ नये.

त्यानंतरची निगा सोपी आहे, पण तिच्यात चुका फार होतात. बाजारातील पुष्कळ काच-क्लीनरमध्ये अमोनिया असतो आणि तो फिल्मचा रंग, वरचा संरक्षक थर आणि चिकटद्रव्य तिन्ही खराब करतो. बाटलीवर ‘अमोनियाविरहित’ असे लिहिलेले नसेल तर ती वापरू नये. त्याहून उत्तम म्हणजे स्वच्छ पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब टाकावेत, ते काचेवर थेट न फवारता मायक्रोफायबरच्या कापडावर घ्यावे, हलक्या हाताने पुसावे आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने काच कोरडी करावी. कोरड्या काचेवर वर्तमानपत्र किंवा कागदी नॅपकिन घासण्याची जुनी सवय येथे घातक आहे. वॉशिंग सेंटरवर गाडी देताना आतल्या काचेसाठी स्वतःचे कापड द्यावे, कारण चाकांवर फिरलेलेच कापड तेथे काचेवर फिरण्याची शक्यता मोठी असते.

बाजूच्या काचांवर पडणाऱ्या उभ्या समांतर ओरखड्यांचे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काच जेथून दारात उतरते त्या खाचेतील फेल्टच्या मऊ पट्टीमध्ये वाळू आणि धूळ साचते आणि प्रत्येक वेळी काच वर-खाली होताना ती फिल्मवर घासते. महिन्यातून एकदा मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने ही खाच साफ करावी. कच्च्या रस्त्यावरून किंवा समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर काच खाली करण्यापूर्वीच करावी. आतल्या बाजूने सोसायटीचे स्टिकर, देवाची चित्रे किंवा व्हॅक्यूम कपचे पडदे फिल्मवर लावू नयेत, कारण ते काढताना फिल्मही उचलली जाते.

जुनी फिल्म जांभळी पडली, तिला फुगे आले किंवा रात्री समोरचे दिवे तिच्यातून पसरट दिसू लागले, की ती काढण्याची वेळ आली असे समजावे. बाजूच्या काचांवरील फिल्म वाफेने किंवा हीट गनने मऊ करून कोपऱ्यापासून सावकाश ओढली तर बरीचशी अखंड निघते, आणि उरलेले चिकटद्रव्य कोमट साबणपाण्याने भिजवून काढता येते. मागची काच मात्र घरी करू नये. तिच्या आतल्या बाजूला बाष्प घालवणाऱ्या डीफॉगरच्या आणि काही गाड्यांत रेडिओच्या अँटेनाच्या बारीक रेघा छापलेल्या असतात. ब्लेड रेघांना छेदून फिरले की त्या तुटतात. तेथे फक्त वाफेने, रेघांच्या दिशेने फिल्म काढणारा कारागीर निवडावा, आणि दुकानातून निघण्यापूर्वी काचेवर थोडे बाष्प धरवून डीफॉगर चालू करावा व प्रत्येक रेघेजवळची काच स्वच्छ होते का ते पाहूनच पैसे द्यावेत.