घरातली एक गाडी, चालवणारे चौघे

आमच्या घरी गाडी एकच आहे, साधी मॅन्युअल गियरची हॅचबॅक, आणि ती चालवणारे चौघे: मी, नवरा, सासरे आणि बावीस वर्षांची मुलगी. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ राहतो. त्या रस्त्याचं नाव काढलं की लोक ट्रेलर आणि खड्ड्यांबद्दल बोलतात. पण आमच्या गाडीचा आजवरचा एकच अपघात झाला तो सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावर, गाडी गेटबाहेर पडायच्याही आधी.

सासऱ्यांना गाडी पहिल्या गियरमध्ये लावून ठेवायची जुनी सवय. मुलगी ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली तिथली गाडी नेहमी न्यूट्रलमध्ये उभी असायची. एका सकाळी तिने क्लच न दाबता चावी फिरवली आणि गाडीने पुढे उडी मारली. समोर शेजाऱ्यांची स्कूटर होती, ती आडवी झाली. दहा मिनिटांपूर्वी त्याच जागी दोन लहान मुलं क्रिकेट खेळत होती. "आजोबा, तुम्ही गियरमध्ये ठेवली होतीत का?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

गियरमध्ये गाडी लावणं चूक नाही, न्यूट्रलमध्ये लावणंही नाही. आम्ही चौघांनी एकमेकांना कधी काही सांगितलंच नव्हतं, तिथे घात झाला. त्या संध्याकाळी बसून आम्ही घरापुरती एक पद्धत ठरवली.

बसण्याआधी एक फेरी

दार उघडण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा, मागच्या बाजूने सुरुवात करून. गाडीमागे बसलेलं तीन-चार वर्षांचं मूल कुठल्याच आरशात दिसत नाही, मागचा कॅमेरा असला तरी त्यावर पावसाचे थेंब आणि धूळ असते. गाडीखाली कुत्रं झोपलंय का, तेही बघा. बॉनेटवर दोन थापा मारायची सवय लावून घ्या, पावसाळ्यात आणि थंडीत मांजरं उबेला इंजिनजवळ जाऊन बसतात.

चारही टायरांवर नजर टाका. एखादा खाली बसलेला दिसला तर तसंच निघू नका. हवा किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि ती टायर थंड असताना मोजायची. खाली फरशीवर काही सांडलंय का बघा. एसी चालवून झाल्यावर पडलेलं स्वच्छ पाणी असेल तर काळजी नाही. काळं, तेलकट किंवा रंगीत काही दिसलं तर आधी मेकॅनिकला फोन.

सीट, आरसे, पट्टा

चौघांच्या उंच्या चार. सासरे सहा फुटांचे, मी पाच फूट एक इंच. त्यांच्यानंतर मी तशीच बसले तर माझा पाय क्लचच्या तळापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी सीट. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाठ टेकून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून जास्त, साधारण २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते. हेडरेस्ट डोक्याच्या मागे यायला हवं. मानेखाली राहिलं तर मागून धक्का बसल्यावर मानेलाच इजा होते.

मग आरसे. सीट हलवली की आरसे बदलतातच, त्यामुळे हा क्रम उलटा करून चालत नाही. बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीची जेमतेम एक कड दिसावी, बाकी सगळा रस्ता.

आता पट्टा, आणि इथे मी घरात कुणाचंही ऐकत नाही. "मागे बसलोय, कशाला?" हे वाक्य आमच्याकडेही होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा कार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर ते वाक्य आमच्या घरातून गेलं. कायद्यानेही पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवर पट्टा बंधनकारक आहे. नसला तर दंड १००० रुपये. १४ वर्षांखालच्या मुलांनाही पट्टा किंवा मुलांसाठीची खास सीट हवीच. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर घेऊ नका, कमरेच्या हाडांवर यायला हवा. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणं तर कधीच नको. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते आणि तिचा सगळा जोर त्या बाळावर येतो.

चावी फिरवताना

हँडब्रेक वर आहे का बघा. क्लच पूर्ण दाबा. गियरचा दांडा डावी-उजवीकडे हलवून न्यूट्रल हाताने तपासा, डोळ्याने नाही. मगच चावी. गाडी कुणी कशीही लावलेली असो, हे तीन केले की ती उडी मारणार नाही.

चावी इंजिन लागायच्या एक टप्पा आधी थांबवा. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटतील, हँडब्रेकचा सोडून बाकीचे इंजिन लागल्यावर विझतील. तेलाच्या चिमणीसारखा लाल दिवा (इंजिन ऑइलचा) किंवा थर्मामीटरचा लाल दिवा (इंजिन तापल्याचा) पेटलेलाच राहिला तर इंजिन बंद करा, "गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणू नका. स्टार्टर पाच सेकंदांहून जास्त फिरवू नका. नाही लागली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. डिझेल गाडीत आधी वेटोळ्याच्या आकाराचा दिवा विझू द्या. लागल्याबरोबर रेस करायची गरज नसते. अर्धा मिनिट जाऊ द्यावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवावी. बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून कुणाची वाट बघत बसू नका, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर गियर पी-वर (पार्क), उजवा पाय ब्रेकवर. मॅन्युअलची सवय असलेल्यांनी डावा पाय मुद्दाम बाजूला टेकवून ठेवावा, नाहीतर तो क्लच समजून ब्रेकवर जोरात पडतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. चावी खिशात घेऊन एकजण ठाणे स्टेशनला उतरला तरी इंजिन चालूच राहतं. दुसऱ्याने पुढे जाऊन बंद केलं की मात्र ते पुन्हा लागत नाही. उतरणाऱ्याने चावी हातात देऊनच उतरावं.

गेटबाहेर

सर्व्हिस रोडवर वळताना दोन्हीकडे बघा, कारण उलट बाजूने दुचाकी येतेच. कापूरबावडीला, माजिवड्याला किंवा ठाणे-बेलापूर रोडला ट्रेलरच्या डाव्या कुशीत शिरू नका. त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. डावीकडे वळताना त्याची मागची चाकं आत येतात आणि तिथली गाडी चेपली जाते.

गायमुखच्या उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकू नका. खालच्या गियरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर संकट वेगळं: रस्ता सरळ आणि मोकळा, त्यामुळे वेग कळत नाही. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. फोनकडे दोन सेकंद बघितलं तर तुम्ही ३३ मीटर डोळे मिटून चालवलेली असते.

पावसात वंदना टॉकीजजवळ पाणी भरलं की पुढचा माणूस जातोय म्हणून आपण जायचं नाही. टायरच्या निम्म्यापर्यंत पाणी दिसलं तर गाडी वळवा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सुरू करण्याचा मोह कितीही झाला तरी करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आतले कनेक्टिंग रॉड वाकतात आणि खर्च लाखाच्या घरात जातो. माणसं उतरवा आणि गाडी ढकलून बाहेर काढा. पाण्यातून सुखरूप निघालात तर थोडं पुढे जाऊन हळूहळू ब्रेक दाबून बघा, ओले ब्रेक उशिरा लागतात. इंडिकेटरचे चारही दिवे चालू ठेवून गाडी चालवू नका, ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीला खालच्या झोताचे हेडलाइट पुरेत. अपघात झालाच तर ११२, अँब्युलन्सला १०८.

चावी कुणाला द्यायची

"खाली फक्त एक राउंड मारतो" म्हणणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला चावी देऊ नका. तो गाडी चालवताना सापडला तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही १२ महिने रद्द होते. हे २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. पण मला दंडाहून पोडियमवरची ती क्रिकेट खेळणारी मुलं जास्त आठवतात.

परत लावताना

सपाट जागी आम्ही आता हँडब्रेक आणि न्यूट्रल ठेवतो. रॅम्पवर किंवा चढावर पहिला गियर, तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स, सोबत हँडब्रेक. एकामागे एक लावायची जागा असली की काहीजण वॉचमनला ढकलता यावी म्हणून हँडब्रेक सोडून ठेवतात. फरशी अगदी सपाट असेल तरच हे करा आणि चाकाला दगड लावा. उतरण्याआधी मागची सीट वळून बघा. झोपलेलं मूल तसंच राहिलं तर बंद गाडीतली उष्णता काही मिनिटांत वाढते.

चावीची खुंटी आमच्याकडे दाराशेजारी आहे. चावी टांगताना जो आला त्याने घरात ऐकू जाईल असं सांगायचं. काल रात्री सासऱ्यांनी चप्पल काढता काढता हाक दिली, "रॅम्पवर लावलीय गं, पहिल्या गियरमध्ये आहे." आतून मुलगी म्हणाली, "ऐकलं, आजोबा."