मनाच्या तब्येतीसाठी रानात कसं फिरावं: बेळगाव-खानापूर परिसरासाठी

मन थकलं की आपल्याकडचे लोक महिन्यातून एखाद्या रविवारी गाडी काढून चोर्ला घाट गाठतात आणि रात्री दुप्पट दमून परततात. तब्येतीसाठी रान हवं असेल तर ते जवळचं हवं आणि ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी हवं. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची प्रकृती आणि समाधान इतरांपेक्षा चांगलं आढळलं. ही मिनिटं एकदम घालवली की तुकड्यांत, याने फरक पडला नव्हता. तेव्हा ४० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, एवढं धरून चाला.

आधी जागा. बेळगावात राहणाऱ्यांना टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोची झाडी पुरते, रविवारी येळ्ळूरगड. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांना गावाबाहेरची पायवाट पुरेशी आहे. भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. तिकडच्या रानात अस्वलं आहेत, म्हणून नीट उजाडल्यावरच निघा, दोघं तरी असा आणि कानात इयरफोन घालू नका.

पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा शर्ट, बूट, पँट मोज्यांत खोचलेली. एक लिटर पाणी. मोबाईल जवळ असू द्या, पण आवाज बंद करून.

पहिली दहा मिनिटं नेहमीच्या चालीने चाला, मग चाल निम्म्यावर आणा. इथेच बहुतेकांचं चुकतं: ते पावलं मोजत सुटतात आणि घरची बोलणी रानातही चालू ठेवतात. व्यायाम होतो, डोकं मात्र तसंच भरलेलं राहतं. पुढची वीस मिनिटं एका झाडाखाली बसा. बसल्यावर काळजी आणखी वर येते, विशेषतः पहिल्या काही वेळी. ती दाबायला जाऊ नका, इंद्रियांना काम द्या. किती वेगळे पक्षी बोलतात ते मोजा. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल हाताने चाचपा, जांभळीचं पडलेलं पान चुरगळून वास घ्या. तरीही जीव घाबरला तर उठून चालू लागा. बसून राहण्याची सक्ती नाही. उरलेली दहा मिनिटं परतीची.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या रान सुरू केलं म्हणून बंद करू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदासी टिकली, झोप-जेवण बिघडलं, तर डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका. १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची, मोफत फोनसेवा दिवसरात्र चालू असते.

पावसाळ्यात जळवा लागतात. ओढून काढू नका, तोंडाजवळ नख सरकवून सोडवा आणि जखम धुवा. गोचिडीचं प्रकरण अधिक गंभीर आहे. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, आणि हा ताप गोचिडीतून येतो. डिसेंबर ते मे जास्त जपा: पाल्यापाचोळ्यावर थेट बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करा, काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, कानामागचा भाग तपासा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल लावू नका. पुढच्या आठवडाभरात ताप आणि जोराची डोकेदुखी आली तर दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा की रानात गेलो होतो.