सांगलीत गुंठा घेताय? आधी पूररेषा बघा

जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढा, विजापूर या भागातली बरीच माणसं सांगलीलगतच्या कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला येतात आणि मिरजेत नाहीतर कुपवाडमध्ये भाड्यानं राहतात. जरा बस्तान बसलं की कुणीतरी म्हणतंच, "भाडं कशाला भरताय, गुंठा घेऊन टाका." मीही मंगळवेढ्याकडचाच. आता घर इथलं, मुलं इथंच शिकली. आपल्या भागातल्या लोकांबरोबर नगररचना, घरपट्टी आणि सिटी सर्व्हेच्या कार्यालयांत जाणं-येणं असतं, त्यावरून हे लिहितोय.

दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला नदीजवळची जागा म्हटलं की बरं वाटतं. इथं नेमकं तिथंच जपावं लागतं. कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी फुटात मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ ला शहरात पाणी शिरलं, २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत आलं. जागा बघायला गेलात की एजंटाला सोडा, शेजारच्या घरातल्या मावशींना विचारा, "२०१९ ला पाणी कुठवर होतं?" त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील. रंग दिलेला असला तरी ओलीची रेघ खालून दिसते.

नकाशावर पुराच्या दोन रेषा आहेत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे घर बांधायला परवानगी नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी घालून मिळते; जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच लागतं. म्हणजे भराव आणि पायाचा खर्च वाढला, तो जागेच्या भावात धरा. नदीपासून लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शामरावनगरसारख्या सखल भागात नुसत्या पावसाचं पाणी कित्येक दिवस हटत नाही. जागा उन्हाळ्यात पसंत करा, पण व्यवहार एक पावसाळा बघूनच करा.

आता गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट पाडून विकलेली जागा. चहाच्या टपरीवर एजंट झेरॉक्स उलगडतो. पेन्सिलनं पाडलेले प्लॉट, मधे "२० फुटी रस्ता" लिहिलेलं, पण मंजुरीचा नंबर नाही, वास्तुविशारदाचा शिक्का नाही. पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून खुशखरेदी होते आणि माणूस पेढे वाटतो. असल्या कागदानं मालकी येत नाही. खरेदीदस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव चढावं लागतं. जमिनीचे लहान तुकडे विकायला जी बंदी होती, त्या तुकडेबंदीत सरकारनं सवलत दिल्यापासून एजंट "आता सगळं लीगल झालं" म्हणून सांगत फिरतात. तुकड्याची नोंद होणं वेगळं आणि त्यावर बांधकाम परवाना मिळणं वेगळं.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंत झालेल्या गुंठेवारीला लागू झाला. त्यामुळं जुना प्लॉट घेत असाल तर विकणाऱ्याकडं नियमितीकरणाचा दाखला मागाच. भरलेलं विकास शुल्क त्याच ले-आउटच्या सुविधांवर खर्च व्हावं, असा या कायद्याचा हेतू आहे. गल्लीत गटार नसेल तर दहा-वीस घरांनी मिळून, शुल्काच्या पावत्या जोडून अर्ज द्या. एकट्याच्या अर्जापेक्षा त्याला वजन येतं.

सगळ्यात स्वस्तात पदरात पडणारा कागद म्हणजे नगररचना विभागाचा झोन दाखला आणि भाग नकाशा. आराखड्यात पिवळा रंग रहिवासी, हिरवा शेती, जांभळा औद्योगिक. जागेवर बगीचा, शाळा किंवा रस्त्याचं आरक्षण असेल तर तेही त्यातच कळतं. बयाणा द्यायच्या आधी हा कागद हातात पाहिजे. आणि "घरपट्टी लागलीय की" यावर भुलू नका. महापालिका विनापरवाना घरालाही घरपट्टी लावते. तिची पावती म्हणजे मालकी नाही आणि परवानगीही नाही.

तरी घरपट्टी वेळेत भरा. थकली की महिन्याला २ टक्के शास्ती चढते. पूर्वी महापालिकेला जकात मिळायची, मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. २०१७ ला जीएसटी आल्यापासून त्या बदल्यात राज्याकडून अनुदान येतं. स्वतःच्या हातातली मोठी वसुली म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. बाकी रस्ते, नाले यांचा पैसा राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन, आमदार निधी अशा वेगवेगळ्या वाटांनी येतो. म्हणून रस्त्याची तक्रार घेऊन जाल तेव्हा "काम कुठल्या निधीतून धरलंय?" हे विचारा. त्याचं उत्तर मिळालं की पुढं कुणाकडं जायचं ते समजतं.

कामाचं थोडक्यात. सफाईच्या कामात कायम, बदली, मानधनी आणि ठेकेदाराचे असे वेगवेगळे कामगार असतात. ठेकेदाराकडं लागलात, मग ती महापालिका असो नाहीतर कारखाना, तर हजेरीची नोंद, बँकेत पगार आणि पीएफचा यूएएन नंबर पहिल्या महिन्यातच मागा. ठेकेदारानं पगार बुडवला तर देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते; तक्रार सहायक कामगार आयुक्तांकडं करायची. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणार असाल तर माथाडी मंडळात नोंद करून घ्या. गाडा लावणार असाल तर पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात नाव आणि ओळखपत्र हवं, कारण २०१४ च्या कायद्याचं संरक्षण त्यावरच मिळतं.

मतदानाचं नाव बहुतेकांचं गावाकडंच असतं. महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२३ ला संपल्यावर कारभार प्रशासकाकडं होता, तेव्हा गल्लीतलं गाऱ्हाणं सांगायला नगरसेवकच नव्हता. नगरसेवक असला तरी तो आधी प्रभागाची यादी बघतो. भाडेकराराची प्रत जोडून मतदार यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरा आणि नाव इकडं आणा. दोन्हीकडं नाव ठेवणं कायद्यात बसत नाही.