नोंदी आणि कोड एकाच फाईलीत : ऑर्ग बेबेल नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या क्वालिटीत काम करतो. आमच्याकडं खानापूर, निपाणी, चिकोडी साईडची पोरं-पोरी डिप्लोमा नाहीतर व्हीटीयू या टेक्निकल युनिव्हर्सिटीची डिग्री करून ट्रेनी म्हणून येतात, पायथन बऱ्याच जणांना येतं, पण आकडे एक्सेलमध्ये, कोड कुठल्यातरी फोल्डरात, आणि हे गणित असंच का केलं ते फक्त डोक्यात. मग ऑडिटवाला विचारतो की रिपोर्टमधला हा ८ टक्के आला कुठून, आणि ज्यानं काढला तो तोवर पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधला ऑर्ग मोड आणि त्यातलं बेबेल, जे नोट्समध्येच लिहिलेला कोड तिथंच चालवून उत्तर खाली लिहितं. ऑर्ग २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं सुरू केलं, साध्या टेक्स्टमध्ये नोट्स आणि कामं लिहून ठेवायला. बेबेल एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांचं, ते २०१० मध्ये ऑर्गमध्येच आलं. मूळ विचार त्याच्याही आधीचा, डोनाल्ड क्नुथनं १९८४ च्या लेखात मांडलेला, की प्रोग्राम माणसाला समजावून सांगितल्यासारखा लिहायचा. वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही, ऑर्ग इमॅक्ससोबतच येतं.

आता प्रत्यक्ष बघा. फाईलीत वर तुम्ही मराठीत लिहायचं, पावसात नवी वाळू ओली येते, मोल्डिंगच्या वाळूत मॉइश्चर वाढलं की कास्टिंगला ब्लो होल (आत अडकलेल्या वाफेची भोकं) पडतात, म्हणून पाळीवार रिजेक्शन बघतोय. त्याखाली उभ्या दांड्या मारून टेबल करायचं: पहिली पाळी ४०० ओतले १२ रिजेक्ट, दुसरी ३८० ला १९, रात्रपाळी ३५० ला २८ (हे आकडे उदाहरणाला घेतलेत). टेबलाच्या डोक्यावर नेमची ओळ टाकून त्याला नाव द्यायचं. मग कोडचा ब्लॉक, म्हणजे हॅश, प्लस आणि बिगिन एसआरसी, पुढं पायथन, आणि त्याच ओळीत व्हार लिहून त्या टेबलाचं नाव, त्याखाली रिजेक्टला ओतलेल्यानं भागून टक्के काढणारा कोड. कर्सर ब्लॉकमध्ये ठेवून कंट्रोल सी दोनदा दाबलं, चालवू का विचारल्यावर हो म्हटलं, की खाली रिझल्ट्स म्हणून ३, ५ आणि ८ टक्के येऊन बसतात. उद्या आकडा बदलला तर टेबलात बदलायचा आणि परत कंट्रोल सी, कॉपी-पेस्ट कुठंच नाही! कारण, आकडे, गणित, उत्तर, सगळं एकाखाली एक दिसतं, आणि मला याचं मोल फार वाटतं.

टेबलात देवनागरी लिहिली की दांड्या थोड्या वाकड्यातिकड्या दिसतात, जोडाक्षरांमुळं होतं ते, हिशेबाला काही होत नाही. आमच्याकडं ऑपरेटरची नोंद कन्नडमध्ये असते ती पण मी तशीच ठेवतो, फाईल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारं एन्कोडिंग) मध्ये सेव्ह असली की दोन्ही लिप्या सुखानं राहतात.

नवीन माणूस हमखास अडकतो त्या जागा आत्ताच सांगतो. इमॅक्स नवं असताना बेबेल फक्त ईलिस्प, म्हणजे इमॅक्सची स्वतःची भाषा, चालवतं, पायथन, शेल, आर हे सेटिंगमध्ये लोड लँग्वेजेसच्या यादीत आपण घालायचे. दुसरं, पायथन ब्लॉकचं उत्तर ‘नन’ आलं की घाबरू नका. बेबेल तुमचा कोड आतल्या आत एका फंक्शनमध्ये गुंडाळतं, म्हणून शेवटी रिटर्न लिहायला लागतं. रिटर्न नको असेल तर हेडरमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या त्या बिगिन एसआरसीच्या ओळीत, रिझल्ट्स आउटपुट द्या, मग जे प्रिंट केलं तेच खाली येतं. पण हेडरमध्ये सेशन लावलं की उलट, तिथं रिटर्न चालत नाही, शेवटच्या ओळीची किंमत घेतो तो. सेशन म्हणजे एका ब्लॉकमधला व्हेरिएबल पुढच्या ब्लॉकला दिसतो, सोयीचं आहे, पण जुनी किंमत मेमरीत बसून राहते आणि खालचा ब्लॉक आधी चालवला तर उत्तर खोटं येतं, म्हणून रिपोर्ट देण्याआधी सेशन बंद करून सगळी फाईल वरपासून चालवाच. माझं मत विचाराल तर सुरुवातीला सेशन नकोच, टेबल आणि व्हारवर खूप काम होतं.

चालवण्याआधी तो हो की नाही विचारतो ते वैताग वाटतं म्हणून बंद करू नका. दुसऱ्याकडून आलेल्या फाईलीतला एक शेल ब्लॉक तुमचं फोल्डर साफ करू शकतो, आधी वाचा मग हो म्हणा.

ज्युपिटर नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्ये नोट्स आणि कोड एकत्र ठेवायचं दुसरं साधन, ते काय वाईट आहे का, असं पोरं विचारतात. वाईट नाही, चित्रं-ग्राफ बघायला छानच. पण त्याची फाईल आतून जेसन (कंसा-कंसांचा डेटा फॉरमॅट) असते, उत्तरं आणि चित्रं पण त्यातच कोंबलेली, गिटमध्ये (फाईलीतल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कुणी काय बदललं ते वाचायला जीव जातो. ऑर्गची फाईल नोटपॅडात पण वाचता येते.

कोड मशीनवर टाकायचा झाला तर हेडरमध्ये टँगल लिहून फाईलचं नाव द्या, मग कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, टी, की नुसता कोड त्या फाईलीत निघतो. आणि साहेबांना रिपोर्ट द्यायचा तर एक्स्पोर्ट आहे, पण पीडीएफच्या नादाला लगेच लागू नका, ऑर्ग पीडीएफ लॅटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमधून काढतं, नेहमीच्या लॅटेकला देवनागरी जमत नाही, त्याला झीलॅटेक हा त्याचा प्रकार आणि देवनागरी फॉन्ट बसवायला लागतो. ओडीटी (ओपन डॉक्युमेंटची फाईल) काढा, वर्डमध्ये उघडतं, आणि ब्लॉकच्या हेडरमध्ये एक्स्पोर्ट्स बोथ दिलेलं असेल तर कोड आणि टक्के दोन्ही साहेबांना एकाच पानावर दिसतात.