ॲपलॅचियाच्या जंगलात फुकट मुक्काम: निघण्याआधीची तयारी

जागा घरी बसून शोधायची. जंगलात पोहोचल्यावर ती फक्त पाहून घ्यायची. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण हरिश्चंद्रगडावर गुहा असते, राजगडावर पद्मावतीचं देऊळ असतं, आणि काहीच नाही जमलं तर पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पसरता येते. ॲपलॅचियात, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलिना, टेनेसी, जॉर्जियाच्या डोंगरांत ती सोय नाही. रात्री दहा वाजता अनोळखी माणसाच्या रानात तंबू घेऊन उभं असणं ही या देशात खरोखर धोक्याची गोष्ट आहे. म्हणून तयारीचा निम्मा वेळ 'ही जमीन कुणाची' या एकाच प्रश्नाला द्या.

सुरुवात नावापासून करा. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी खाती आहेत, वेगळ्या मंत्रालयांखालची. पार्कात फुकट मुक्कामाची आशा ठेवू नका. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये आडरानातल्या मुक्कामाला परवाना लागतो आणि माणशी रात्रीचे ८ डॉलर पडतात, शिवाय २०२३ पासून गाडी उभी करायचा टॅग वेगळा. शेनँडोआतही परवान्याशिवाय राहता येत नाही. पार्क खात्याच्याच ब्लू रिज पार्कवे या रस्त्याच्या कडेला तर तंबू ठोकायचाच नाही. फुकट जागा मिळतात त्या कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असलेल्या रानांत: जॉर्ज वॉशिंग्टन आणि जेफरसन (दोन्ही मिळून सुमारे १८ लाख एकर), मोनोंगाहेला, पिसगा, नांताहाला, चेरोकी, चॅटाहूची, डॅनियल बून. टेनेसी खोऱ्यातल्या धरणांच्या कडेने टीव्हीएच्या (टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी महामंडळाच्या) मोकळ्या जमिनी आहेत, तिथेही १४ दिवसांपर्यंत राहता येतं. याला इथे डिस्पर्स्ड किंवा प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात. संडास नाही, नळ नाही, टेबल नाही, कचरापेटी नाही, आणि पावतीही नाही.

आता नकाशा. फोनवरच्या बहुतेक नकाशांत नॅशनल फॉरेस्ट म्हणून मोठा हिरवा पट्टा दिसतो आणि तिथेच आपण फसतो. पूर्वेकडची जमीन सरकारची नव्हतीच. १९११ च्या वीक्स कायद्यानंतर ती मालकांकडून तुकड्या-तुकड्याने विकत घेतली गेली. त्यामुळे ही जंगलं गोधडीसारखी आहेत, मध्ये मध्ये खासगी ठिगळं: शेत, शिकारीचं खोपट, चर्च, जुनं कब्रस्तान. बाहेरची हद्द हिरवी रंगवली की आतलं सगळं सरकारी वाटतं. म्हणून दोन नकाशे समोर ठेवा. एक फॉरेस्ट सर्व्हिसचा 'मोटर व्हेइकल यूज मॅप'. तो फुकट मिळतो, दिसायला अगदी रुक्ष, काळा-पांढरा, पण कोणत्या रस्त्यावर कोणती गाडी कोणत्या तारखांना चालते ते तोच सांगतो. दुसरा उंचीच्या रेषांचा, ज्यात मालकी दाखवलेली आहे. दोन्ही ॲव्हेंझासारख्या ॲपमध्ये उतरवून ठेवा आणि कागदावरही छापून घ्या. मी मुख्य रस्त्यापासून फुटलेल्या फॉरेस्ट रोडवर बोट ठेवून पुढे सरकत जातो आणि जिथे रेषा विरळ होतात, म्हणजे जमीन सपाट होते, तिथे पेन्सिलीने गोल करतो. एका मुक्कामासाठी निदान तीन गोल हवेत. पहिल्या जागी बहुतेक वेळा कुणीतरी आधीच असतं.

झाडांवरचा रंग वाचायला शिका. दक्षिणेकडच्या या जंगलांत सरकारी हद्द खोडावर लाल रंगाचे पट्टे मारून दाखवतात. जांभळा रंग दिसला की थांबा. व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलिनात जांभळा पट्टा म्हणजे 'आत येऊ नका' अशी पाटीच, कायद्याने तिच्याइतकीच वजनदार. एका ऑक्टोबरात आम्ही उशिरा निघालो, शेवटचे सहा मैल अंधारात कापले, आणि ठरवलेल्या वळणावर हेडटॉर्चच्या उजेडात ओळीने चार ओक दिसले, चौघांच्याही अंगावर कमरेच्या उंचीला हातभर उभा जांभळा पट्टा. आमचं वळण पाव मैल मागे राहिलं होतं. मुलं गाडीत झोपली होती. आम्ही मागे फिरलो आणि सरळ पैसे भरून राहायच्या तळावर गेलो. तेव्हापासून नियम पक्का: सूर्यास्ताच्या दोन तास आधी जागेवर. नाहीच जमलं तर विकतचा तळ, आणि तो कोणता ते घरूनच ठरवलेलं.

नकाशा झाला की त्या भागाच्या रेंजर डिस्ट्रिक्ट कार्यालयाला फोन करा. शनिवार-रविवार बहुतेक कार्यालयं बंद असतात, म्हणून मंगळवार-बुधवारीच उरका. (ॲपलॅचियाला दक्षिणेकडची माणसं 'ॲपलॅचा' म्हणतात. तसं म्हणून बघा, पलीकडचा आवाज लगेच मोकळा होतो.) प्रश्न लिहून ठेवा: या रस्त्याचं फाटक उघडं आहे का, साध्या कारने जाता येईल का, शेकोटीला बंदी आहे का, अस्वलांबद्दल काही आदेश आहे का, रस्त्यापासून किती लांब तंबू लावायचा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण नियम जागोजागी बदलतो. पिसगा रेंजर डिस्ट्रिक्टमध्ये ठरवून दिलेली, पाटी लावलेली जागा सोडली तर रस्त्यापासून १००० फूट आत जावं लागतं. सप्टेंबर २०२४ मधल्या हेलीन वादळाने पश्चिम उत्तर कॅरोलिनातले कितीतरी रस्ते, पूल आणि पायवाटा वाहून नेल्या, त्यामुळे त्याआधीच्या कुणाच्याही सल्ल्यावर तिकडे जाऊ नका.

जागा बंद कशी होते तेही ठाऊक असू द्या. टेनेसी आणि उत्तर कॅरोलिनाच्या सीमेवर मॅक्स पॅच नावाचं गवताळ पठार आहे, ४,६२९ फुटांवर, चहूबाजूंनी डोंगरांच्या रांगा. २०२० च्या शरद ऋतूत एका रात्री तिथे इतके तंबू लागले की वरून काढलेला फोटो देशभर फिरला. कचरा, विष्ठा, तुडवलेलं गवत. २०२१ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने तिथला मुक्काम आणि शेकोटी बंद केली. त्या पठारावर पहाट बघायची माझी फार इच्छा होती, आणि अशी बंदी आणखी कुठे आली की मला मनापासून वाईट वाटतं.

फोनवर विसंबू नका. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणींसाठी १९५८ पासून सुमारे १३,००० चौरस मैलांचा 'शांत टापू' राखलेला आहे. मोनोंगाहेलाचा बराच भाग त्यात येतो, आणि तिथे मैलोनमैल सिग्नल नसतो. घरी एका माणसाकडे कागद ठेवा: तिन्ही गोल, गाडीचा नंबर, परतायची वेळ, आणि त्या काउंटीच्या शेरीफचा, म्हणजे पोलिसप्रमुखाचा, फोन. टाकी शेवटच्या गावात पूर्ण भरा. स्टेपनीत हवा आहे का बघा. फॉरेस्ट रोडची खडी धारदार असते. मोनोंगाहेलात डॉली सॉड्सला जाणार असाल तर एक जास्तीची सूचना. दुसऱ्या महायुद्धात तिथे सैन्याचा सराव चालायचा आणि न फुटलेले तोफगोळे अजून सापडतात. गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवून कळवा.

पाण्याचं. या डोंगरात ओढ्यांना तोटा नाही, पण कितीही नितळ दिसलं तरी गाळल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय प्यायचं नाही, जिआर्डिया हा परजीवी पोट महिनाभर पिळून काढतो. कोळशाच्या पट्ट्यात आणखी एक सावधगिरी हवी. जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्लधर्मी पाण्याने काही ओढ्यांचा तळ नारिंगी होतो. दगडांवर विटकरी साय धरलेली दिसली की तो ओढा सोडून द्या, कारण विरघळलेले धातू ना सॅकमधल्या गाळणीत अडकतात, ना उकळून जातात. पहिल्या रात्रीसाठी माणशी चार लिटर घरूनच न्यावं. शौचाला आपल्यातल्या अनेकांना पाणी लागतंच, तर त्यासाठी वेगळी बाटली आणि एक खुरपी घ्या. ओढ्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर पावलं लांब जायचं, सहा ते आठ इंच खड्डा खणायचा आणि नीट बुजवायचा. कागद पिशवीत घालून परत आणायचा.

खाण्याचा विचार अस्वलाच्या नाकाने करा. इथलं काळं अस्वल माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, पण वास त्याला फार लांबून येतो, आणि आपलं खाणं म्हणजे वासाचं भांडार. हिंगाची फोडणी, लोणच्याचं तेल, लसणाची चटणी. मी आता मुक्कामाच्या जागी फोडणी करतच नाही. घरूनच मेतकूट, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं मिश्रण, गूळपोळ्या नेतो. गरम पाणी ओतलं की जेवण तयार, आणि मेतकूट-भाताच्या वाफेत मुलं घरच्यासारखी शांत होतात. लोणचं हवंच असेल तर लहान डबीत, दोन पिशव्यांत बांधून. शिजवायची आणि जेवायची जागा तंबूपासून निदान सत्तर पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. रात्री सगळं खाणं, कचरा, टूथपेस्ट, साबण, मुलांच्या खिशातली चिक्कीसुद्धा, अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात ठेवा, नाहीतर दोरीने टांगा: जमिनीपासून बारा फूट वर, खोडापासून सहा फूट लांब. संध्याकाळी उजेड असतानाच दोरी टाकून ठेवा, अंधारात फांदी सापडत नाही. काही ठिकाणी टांगणं पुरत नाही. पिसगातल्या शायनिंग रॉकमध्ये कडक डबा सक्तीचा आहे. जॉर्जियात ब्लड माउंटनजवळ, ॲपलॅचियन ट्रेल या लांब पायवाटेच्या जॅरार्ड गॅप ते नील गॅप या टप्प्यात, १ मार्च ते १ जून मुक्काम करायचा तर तोच नियम. डबा महाग वाटला तर भाड्याने मिळतो का ते बाहेरच्या सामानाच्या दुकानात विचारा.

शेकोटी लागतेच असं धरून जाऊ नका, स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर. व्हर्जिनियात १५ फेब्रुवारी ते ३० एप्रिल दुपारी चारच्या आधी रानाच्या ३०० फुटांच्या आत उघड्यावर आग पेटवता येत नाही. कोरडी पानं आणि वारा यांचा तो काळ. इतर राज्यांचे असे नियम वेगळ्या तारखांना आहेत. शायनिंग रॉकमध्ये शेकोटी बाराही महिने बंद. घरून लाकूड आणू नका. ॲश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा असाच मोळ्यांतून राज्याराज्यांत पसरला. २००२ मध्ये मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला आणि आज या डोंगरांतली ॲशची झाडं उभ्यानं वाळली आहेत.

कपड्यांबद्दल थोडक्यात: सुती नको, लोकर किंवा सिंथेटिक, आणि पावसाचं जाकीट जुलैतही. महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत उरकतो. इथे ट्रान्सिल्व्हेनिया काउंटीच्या डोंगरात वर्षाला ८० इंचांहून जास्त पडतो आणि तो बाराही महिने वाटून येतो. पायजमा मोज्यात खोचा आणि कपड्यांवर आधी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा. गोचिडीमुळे लाइम हा आजार होतो, आणि लोन स्टार गोचीड चावल्यावर काहींना मटणाची ॲलर्जी होते. झोपण्याआधी मुलांच्या काखा, कानांमागे, गुडघ्यांमागे बोटांनी चाचपून बघा. तीन पानांचा झुबका म्हणजे पॉयझन आयव्ही, हात लावू नका. शरद ऋतूत हरणांची शिकार चालू असते, तेव्हा सगळ्यांच्या अंगात झगझगीत नारिंगी जाकीट हवं.

जागेवर पोहोचलात की सामान काढायच्या आधी मान वर करा. आशियातून आलेल्या पांढऱ्या कापशी किडीने हेमलॉक मारले, भुंग्याने ॲश मारले. ही वाळलेली झाडं वारा नसतानाही फांद्या टाकतात, तेव्हा त्यांच्या टप्प्याबाहेर तंबू लावा. मग खाली बघा. ओढ्याच्या काठावर वाळू, अडकलेला पालापाचोळा, खोडांवर चिखलाची रेघ दिसली तर पाणी तिथवर येतं. अरुंद घळीत वर कुठेतरी पाऊस पडला तरी खाली लोंढा येतो. आधीच कुणी वापरलेली टणक जागा निवडा, नवी करू नका.

सकाळी राखेत पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची पाठ राखेजवळ न्या. ऊब लागली तर अजून पाणी. मग सगळ्यांनी एका ओळीत, हाताच्या अंतरावर, हळूहळू जागा पालथी घालायची. तंबूची खुंटी, फाटक्या पुड्याचा कोपरा, संत्र्याची साल, सगळं पिशवीत. गाडी सुरू केली की मुख्य रस्त्याच्या फाट्यापर्यंतचं अंतर मीटरवर मोजा आणि वहीत लिहा: रस्त्याचा नंबर, किती मैल, डावीकडे की उजवीकडे, सपाट जागा किती तंबूंची, पाणी किती पावलांवर.