नवा अल्टरनेटर बसवण्याआधी

अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना गाडीची बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. तो बदलताना पाना हातात घेण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत चावी बंद असतानाही थेट बॅटरीचा करंट असतो. पाना तिथून बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच. बेल्ट काढण्यापूर्वी तो कुठून कसा फिरतो याचा मोबाइलवर फोटो काढा.

जुना आणि नवा शेजारी ठेवून नीट पाहा: पुलीच्या (बेल्ट बसतो त्या चाकाच्या) खाचा, बोल्टची भोकं, कनेक्टरच्या पिना. नुसतं ‘सेम टू सेम आहे’ यावर विसंबू नका. बोल्ट आधी हातानेच फिरवा, सगळे आटे धरले की मगच पान्याने आवळा. मागचा जाड वायरीचा नट मात्र अजिबात ढिला ठेवू नका, नाहीतर तिथेच वायर तापून काळी पडते.

बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्जरवर लावा. मेलेली बॅटरी भरायला लावली की नव्या अल्टरनेटरवर उगाच ताण येतो.

शेवटी मल्टीमीटरने (व्होल्ट मोजायचं मीटर) बॅटरीचे व्होल्ट बघा. इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट, चालू असताना 13.8 ते 14.5. हेडलाइट आणि एसी लावल्यावर आकडा 13च्या खाली जात असेल, तर बेल्टचा ताण पुन्हा तपासा.