फिजिओथेरपीतील विद्युत उत्तेजन : कोणता करंट, कुठे आणि किती

फोंडा, डिचोली आणि सत्तरी या भागांतून उपचारासाठी येणारे बहुतेक रुग्ण विद्युत उत्तेजनाला नुसते ‘करंट’ म्हणतात. पक्षाघाताचा रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून घरी परतला, की आठवड्याच्या आत भेटायला आलेला कोणीतरी ‘करंट सुरू केला का?’ असे विचारतोच, आणि मग घाईघाईने ऑनलाइन मागवलेले चार पॅडचे छोटे यंत्र त्या लुळ्या हातावर लावले जाते. असे यंत्र बहुधा टेन्स असते, म्हणजे दुखणे कमी करणारे. त्या हाताची अडचण मात्र दुखण्याची नसून हालचाल बंद पडण्याची असते. यंत्र बिघडलेले नसते, त्वचेवर मुंग्याही येतात, फक्त हवे ते काम होत नाही. म्हणून या उपचाराची सुरुवात एका प्रश्नाने करावी : आपल्याला दुखणे शमवायचे आहे, नस (म्हणजे मज्जातंतू) शाबूत असलेल्या दुबळ्या स्नायूला कामाला लावायचे आहे, की नसच तुटलेल्या स्नायूला हलवायचे आहे?

या तीन कामांना तीन वेगळे करंट लागतात, आणि त्यांच्यातील मुख्य फरक स्पंदनाच्या लांबीचा, म्हणजे विजेचा प्रत्येक झटका किती वेळ टिकतो याचा असतो. मज्जातंतू फार थोड्या वेळाच्या स्पंदनाने जागा होतो. २०० ते ४०० मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी दोन ते चार भाग, त्याला पुरतात. स्नायूचा तंतू मात्र सुस्त असतो आणि नसेच्या मदतीशिवाय त्याला थेट हलवायचे असेल, तर १०० मिलिसेकंद किंवा त्याहून लांब स्पंदन द्यावे लागते. दवाखान्यातील जुन्या स्टिम्युलेटरवर ‘फॅरेडिक’ आणि ‘गॅल्व्हनिक’ असे जे दोन पर्याय असतात त्यांचा अर्थ हाच आहे. फॅरेडिक आखूड स्पंदनांचा असून तो नसेच्या वाटेने स्नायू हलवतो. गॅल्व्हनिक हा एकाच दिशेने वाहणारा आणि थांबून थांबून दिलेला करंट असून नस नसली तरी तो स्नायूपर्यंत पोहोचतो. वाट्या चिकटवून किंवा चार पॅड लावून दिला जाणारा आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी) हा साधारण ४००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४००० आवर्तनांच्या, दोन प्रवाहांचा छेद असतो आणि त्याचा उपयोग बहुतेक वेळा कंबर-खांद्याच्या दुखण्यासाठीच होतो.

पॅड लावण्यापूर्वी कोणाला लावू नये हे पाहावे. छातीत पेसमेकर बसवलेला असल्यास घरी कोणताही करंट घेऊ नये. गरोदरपणी पोट आणि कंबर, कर्करोगाच्या गाठीची जागा, उघडी किंवा चिघळलेली जखम, आणि पोटरी अचानक सुजून दुखू लागल्यामुळे शिरेत गुठळी असल्याचा संशय असलेला पाय, या ठिकाणी पॅड लावू नयेत. मानेच्या पुढच्या भागावर तर कधीच लावू नयेत, कारण तेथील रक्तदाब सांभाळणाऱ्या केंद्रावर परिणाम होऊन नाडी एकदम मंदावू शकते आणि घशाचे स्नायू आखडू शकतात. छातीच्या आरपार प्रवाह जाईल अशी पॅडची जोडी मांडू नये. फेफरे येणाऱ्या रुग्णाने आधी आपल्या डॉक्टरांची परवानगी घ्यावी. शरीरात रॉड, प्लेट किंवा कृत्रिम सांधा असल्याने अनेकजण घाबरतात. आखूड स्पंदनांच्या करंटला त्याची सहसा आडकाठी नसते, पण गॅल्व्हनिक मात्र धातूच्या जागी देऊ नये. त्याच खोलीत शॉर्टवेव्ह डायथर्मीचे, म्हणजे विद्युत लहरींनी खोलवर शेक देणारे, यंत्र चालू असेल, तर विद्युत उत्तेजनाचे यंत्र त्याच्यापासून काही मीटर दूर ठेवावे.

गोव्यात आणखी एक गोष्ट विशेष काळजीने तपासावी लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले होते. बराच काळ मधुमेह असलेल्या रुग्णाच्या पावलांची जाणीव कमी झालेली असते आणि पक्षाघाताच्या रुग्णाची अर्ध्या अंगाची. ज्याला टोचलेले कळत नाही, त्याला भाजलेलेही कळत नाही. त्यासाठी एका बाटलीत कोमट आणि दुसऱ्या बाटलीत थंड पाणी घेऊन, आणि मग एखादी टोकदार व एखादी बोथट वस्तू घेऊन, रुग्णाला डोळे मिटायला सांगून पॅडच्या जागेवर चार-पाच वेळा विचारावे. उत्तरे चुकू लागली, तर त्या जागी घरी करंट देऊ नये. थेरपिस्ट आपल्या नजरेखाली आणि मोजक्या तीव्रतेने तो देऊ शकतो.

त्वचेची तयारी ही कंटाळवाणी बाब असली, तरी ‘करंट लागतच नाही’ ही तक्रार निम्म्याहून अधिक वेळा येथेच सुटते, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे लुळ्या अंगाला सकाळ-संध्याकाळ तेल चोळण्याची पद्धत आहे. तेल लावू नये असे मी म्हणत नाही, पण ते करंटनंतर लावावे, कारण तेलाचा थर वीज अडवतो, मग आपण तीव्रता वाढवत जातो आणि तेल पुसलेल्या एखाद्या ठिपक्यातून सगळा प्रवाह शिरून चटका बसतो. जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. दाट केस असल्यास ते कात्रीने बारीक करावेत, वस्तऱ्याने लगेच काढू नयेत, कारण सोललेली त्वचा झोंबते. चिकट पॅड एकाच रुग्णाने वापरावेत, कडा सुटू लागल्यावर टाकून द्यावेत आणि दोन पॅडमध्ये किमान एका पॅडच्या रुंदीइतके अंतर ठेवावे. काळे रबरी पॅड असल्यास त्यांच्याखाली जेल सगळीकडे सारखे पसरावे आणि पट्टा नीट आवळावा.

दुखण्यासाठीच्या टेन्सबद्दल थोडक्यात सांगता येईल. ८० ते १०० हर्ट्झ, १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास स्पंदन आणि स्पष्ट जाणवणाऱ्या, पण न दुखणाऱ्या मुंग्या, अशी मांडणी ठेवून दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना पॅड लावावेत आणि २० ते ३० मिनिटे ठेवावेत. मुंग्या फिक्या पडल्यावर तीव्रता थोडी वाढवावी. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्तानुसार, स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतील दारावर आधी पोहोचले, की वेदनेच्या संदेशांना आत शिरण्यास अडथळा होतो. (वेदनेवर वीज ही कल्पना मात्र फार जुनी आहे, पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस वातरक्ताच्या (गाउटच्या) रुग्णाला विजेचा झटका देणाऱ्या जिवंत माशावर पाय ठेवायला सांगत असे.) टेन्सचा आराम बहुधा काही तासांचाच असतो. दिवसभर मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्या पायलटाची कंबर टेन्सने हलकी झाली, तर त्या हलकेपणाच्या वेळेत त्याने व्यायाम करून घ्यावा. तो वेळ पुन्हा मोटारसायकलवर घालवला, तर दुखणे संध्याकाळी तेथेच असते.

या उपचाराचा खरा लाभ दुबळ्या, पण नस शाबूत असलेल्या स्नायूंना होतो, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे गुडघा बदलल्यानंतरची मांडी. शस्त्रक्रियेनंतर सुजेमुळे आणि वेदनेमुळे मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, पूर्ण हुकूम देईनासा होतो. स्नायू असतो, नस असते, पण आखडण्याची आज्ञा अर्धीच पोहोचते. अशा वेळी करंट ही उरलेली आज्ञा बाहेरून पुरवतो. रुग्णाला पाठ टेकवून बसवावे, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, एक मोठा पॅड मांडीच्या वरच्या बाहेरील भागावर आणि दुसरा गुडघ्याच्या वाटीच्या वर आतील बाजूच्या फुगीर भागावर लावावा. यंत्रावर ५० हर्ट्झ, ३०० मायक्रोसेकंदांच्या आसपास स्पंदन, १० सेकंद चालू आणि ३० ते ५० सेकंद बंद, तसेच चढ-उतारासाठी दोन-दोन सेकंद अशी मांडणी करावी. तीव्रता शून्यापासून सावकाश वाढवावी. आधी मुंग्या येतात, मग स्नायू थरथरतो, आणि शेवटी मांडी घट्ट होऊन गुडघ्याची वाटी वर सरकते. ही शेवटची पायरी गाठल्याशिवाय शक्ती वाढत नाही. मुंग्यांवरच थांबणारे रुग्ण महिनाभर करंट घेऊनही ‘काही फरक नाही’ असे सांगतात, आणि ते खरेच बोलत असतात.

चालूच्या प्रत्येक १० सेकंदांत रुग्णाने स्वतः जोर लावून गुडघ्याने टॉवेल खाली दाबायचा असतो. घरच्या माणसाने बाजूला बसून ‘आता दाबा’ असे म्हटले, तरी बराच फरक पडतो. टीव्ही बघत घेतलेला करंट मला अर्धा वाया गेलेला वाटतो. विश्रांतीची वेळ लांब ठेवण्यामागेही कारण आहे. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा स्नायूचे तंतू आळीपाळीने काम करतात, पण करंट त्याच त्या तंतूंना एकाच वेळी ओढतो, त्यामुळे स्नायू लवकर थकतो. विश्रांती कमी करून आकुंचने वाढवण्याचा मोह टाळावा. पहिल्या दिवशी १० चांगली आकुंचने पुरेशी आहेत.

पक्षाघातानंतर चालताना पाऊल घसटत असल्यास गुडघ्याच्या बाहेरील बाजूस लागणारा जो हाडाचा उंचवटा आहे, त्याच्या किंचित खाली आणि मागे एक लहान पॅड लावावा, कारण तेथून नस त्वचेच्या अगदी जवळून जाते, आणि दुसरा पॅड चार-पाच बोटे खाली, नडगीच्या बाहेरील स्नायूवर लावावा. रुग्णाला खुर्चीवर बसवून ३० ते ४० हर्ट्झवर तीव्रता वाढवत नेल्यास पाऊल वर उचलले जाते. ते बाहेरच्या बाजूला वळत असेल, तर खालचा पॅड नडगीच्या हाडाकडे सरकवावा. आतल्या बाजूला वळत असेल, तर बाहेर सरकवावा. अर्ध्या सेंटिमीटरनेही फरक पडतो, म्हणून योग्य जागा सापडली, की तिच्याभोवती पेनाने खूण करावी. चालताना टाच उचलल्याबरोबर हाच करंट सुरू करणारे साधन लिबरसन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडले होते. आजची पट्ट्यात बसणारी यंत्रे त्याच कल्पनेवर चालतात. लुळा खांदा खोबणीतून खाली उतरत असल्यास एक पॅड खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या खळग्यावर आणि दुसरा खांद्याच्या मागच्या स्नायूवर लावतात. रुग्णाचा खांदा कानाकडे वर जाऊ लागला, तर मानेकडचा चुकीचा स्नायू ओढला जात आहे असे समजून पॅड बाहेर सरकवावा. ही मांडणी पहिल्यांदा थेरपिस्टकडून शिकूनच घ्यावी.

माडावरून पडून किंवा दुचाकीच्या अपघातात खांद्याजवळची नस तुटली असेल, तर घरचे कोणतेही टेन्स यंत्र त्या हाताला हलवू शकणार नाही. तेथे लांब स्पंदनांचा गॅल्व्हनिक लागतो आणि तो दवाखान्यातच घ्यावा, कारण एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटने पॅडखाली आम्ल आणि अल्कली तयार होऊन त्वचा भाजू शकते. नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढते, म्हणजे ३० सेंटिमीटर अंतरासाठी दहा महिने लागतात. करंट ही गती वाढवतो असे मी कोणाला सांगत नाही. चेहऱ्याच्या लकव्यात तर बहुतेकजण आपोआपच बरे होतात आणि करंटच्या लाभाचा भक्कम पुरावा नाही, तेव्हा पहिल्या आठवड्यात तोंडावर करंट शोधण्यापेक्षा तातडीने डॉक्टरांना दाखवावे आणि न मिटणाऱ्या डोळ्याची निगा राखावी.

पावसाळ्यात विजेचे भान वेगळेच ठेवावे लागते. भिंतीतील विजेवर चालणारे यंत्र वापरायचे असेल, तर प्लगला अर्थिंग असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी, ओल्या जमिनीवर अनवाणी पाय ठेवू नयेत आणि गडगडाट सुरू असताना यंत्र बंद ठेवावे. वीज गेली, की सर्वप्रथम तीव्रतेचा नॉब शून्यावर आणावा, कारण काही जुनी यंत्रे वीज परत येताच आधीच्याच तीव्रतेवर सुरू होतात. पॅड काढतानाही आधी शून्य, मग बंद आणि मग पॅड असा क्रम पाळावा. पॅड काढल्यावर दिसणारी गुलाबी छटा तासाभरात गेली पाहिजे. ती राहिली, फोड आला किंवा ठिपक्यांसारखे डाग दिसले, तर ती जागा पूर्ण बरी होईपर्यंत वापरू नये. झोपेत किंवा वाहन चालवताना करंट कधीही घेऊ नये.

प्रगती वहीत लिहून ठेवावी, पण किती मिलिअँपिअर दिले यापेक्षा करंट बंद असताना रुग्ण काय करू शकतो हे लिहावे : पाय सरळ ठेवून किती वेळा उचलता आला, पायऱ्या कशा चढल्या, चवथीच्या आरतीला किती वेळ उभे राहता आले. गुडघ्याच्या रुग्णाला करंटशिवाय पाय सरळ ठेवून दहा वेळा उचलता येऊ लागला आणि मांडी ढिली पडेनाशी झाली, की थेरपिस्टला विचारून पॅड थांबवता येतात. त्यानंतर यंत्र कपाटात ठेवताना बॅटरी काढून ठेवावी आणि वायरींची टोके कोरडी पुसावीत, कारण किनाऱ्याजवळच्या खाऱ्या दमट हवेत एका पावसाळ्यात ती हिरवी पडतात.